पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये पित्तनलिकेला इजा: हलगर्जीपणाची केस, बिल आणि विम्याची कपात, कुठे काय मागायचं?

वर्षा_सांगली

नमस्कार. एका कुटुंबाची फाईल मदतीसाठी माझ्याकडे आली आहे. जाणकारांनी कृपया नेमकं सांगावं.

रुग्ण ४६ वर्षांच्या, शिलाईकाम करणाऱ्या. धर्मादाय ट्रस्टच्या रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. तिसऱ्या दिवशी पोट फुगलं, ताप १०१, डोळे पिवळसर. केसपेपरवर फक्त 'गॅसेस, चालायला सांगितले' असं लिहिलंय. चौथ्या दिवशी डिस्चार्ज. नवव्या दिवशी दुसऱ्या शहरात भरती. एमआरसीपीत (पित्तनलिकांचा एमआरआय) मुख्य पित्तनलिका मध्येच खंडित, पोटात पित्त साठलेलं. नळी घालून ते काढलं आणि सात आठवड्यांनी आतडं वरच्या पित्तनलिकेला जोडण्याचं मोठं ऑपरेशन झालं.

पहिलं बिल १ लाख ८५ हजार. दुसऱ्या रुग्णालयाचं दोन्ही वेळचं मिळून ६ लाख ४० हजार. विमा ५ लाखांचा. पहिल्या बिलातूनच कंपनीने ६९,३७५ रुपये कापले. पहिल्या ऑपरेशनला आता १४ महिने झाले.

केस उभी राहते का? कुठे करायची? पहिलं रुग्णालय डिस्चार्ज कार्डाशिवाय काही द्यायला तयार नाही. आणि बिलाचं, विम्याचं भांडण याच तक्रारीत घालायचं का?

---

ॲड_गोदाकाठ

वर्षाताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बहुतेक फाईली तिथेच बिघडतात. हलगर्जीपणा, बिल आणि विमा ही तीन भांडणं तीन ठिकाणी चालतात. एकाच तक्रारीत सगळं कोंबलं की समोरचा वकील सगळा वेळ बिलावर बोलतो आणि पित्तनलिका बाजूला राहते.

हलगर्जीपणासाठी जिल्हा ग्राहक आयोग. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून पक्कं आहे. २०२४ मध्ये त्या निकालाचा फेरविचार व्हावा असं एका खंडपीठाने सुचवलं होतं, पण मोठ्या पीठाने त्याच वर्षी ते नाकारलं. रुग्णालय ट्रस्टचं असलं तरी काही रुग्णांकडून पैसे घेतं ना, मग ते कायद्याच्या कक्षेत आहे. बिल विमा कंपनीने भरलं म्हणून सेवा फुकट ठरत नाही.

आयोग कुठला हे आता मागणीच्या रकमेवर ठरत नाही, मोबदला किती दिला त्यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा, ५० लाख ते २ कोटी राज्य, त्यापुढे राष्ट्रीय. इथे पहिल्या रुग्णालयाला दिलेले १ लाख ८५ हजार धरायचे. म्हणजे भरपाई ३० लाख मागितली तरी जिल्हा आयोगच, आणि मोबदला ५ लाखांच्या आत असल्याने फी शून्य. अनेक जण अजून जुन्या कायद्याप्रमाणे मागणी बघून राज्य आयोगात जातात, तिथून अर्ज परत येतो आणि महिने वाया जातात. रुग्ण राहतात त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ऑपरेशनच्या गावी जायची सक्ती नाही. ऑनलाईन दाखल होते.

मुदत दोन वर्षांची. तुमच्याकडे दहा महिने आहेत आणि कागद गोळा करण्यातच त्यातले तीन-चार जातील. 'उशीर माफ करावा' या अर्जावर विसंबू नका. पित्ताशयाच्याच ऑपरेशनचा २०१० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे: ऑपरेशन १९९३ चं, पोटातून गॉज निघालं २००२ मध्ये, तक्रार केली २००४ मध्ये. गॉज सापडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार होती, तरी ती मुदतबाह्य ठरली. इतकी वर्षं त्रास होत असताना त्या सर्जनला विचारलं नाही, तपासण्या केल्या नाहीत, असं न्यायालयाने म्हटलं.

आता कागद. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने किंवा अधिकृत व्यक्तीने मागितल्यापासून ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. त्या तीन वर्षं जपून ठेवण्याचं बंधनही त्यातच आहे. तोंडी मागू नका. रुग्णाच्या सहीचा अर्ज दोन प्रतींत, एका प्रतीवर आवक शिक्का आणि तारीख. शिक्का देत नसतील तर स्पीड पोस्ट, पोचपावतीसह, शिवाय रुग्णालयाच्या अधिकृत ईमेलवर. अर्जात 'सर्व कागदपत्रे' असं लिहिलंत तर परत डिस्चार्ज कार्डच हातात येईल. नावं घेऊन मागा: आंतररुग्ण केसपेपर, डॉक्टरांच्या रोजच्या नोंदी, नर्सिंग नोंदी, ताप-नाडीचा तक्ता, औषधांचा तक्ता, लघवी आणि ड्रेनच्या (पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या) मोजमापाचा तक्ता, ऑपरेशन नोट, भूल तक्ता, संमतीपत्र, सगळे रक्ताचे आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट, पित्ताशयाचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट (काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी), ऑपरेशनचं रेकॉर्डिंग केलं असल्यास तेही, आणि प्रत्येक वस्तूची फोड असलेलं बिल. प्रत्येक पानावर क्रमांक आणि 'खरी प्रत' शिक्का.

७२ तासांत दिलं नाही तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे त्या एकाच मुद्द्यावर तक्रार करता येते. आणि आयोगात तो नकार तुमच्याच बाजूने जातो. कागद दडवले तर ते विरोधात जाणारे होते असं अनुमान काढता येतं.

---

शल्यक

मी फक्त वैद्यकीय बाजू लिहितो.

पित्तनलिकेला इजा झाली म्हणजे हलगर्जीपणा झाला, असं होत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ही इजा चांगल्या हातांतही होते. हजारात तीन ते पाच असं प्रमाण सर्जरीच्या पुस्तकांत दिलेलं असतं. रुग्णालयाचा पहिला बचाव हाच असणार, आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे. म्हणून तक्रारीचा जोर दुसरीकडे हवा.

पहिली जागा ऑपरेशन नोट. इजा बहुतेक वेळा मुख्य पित्तनलिकेलाच पित्ताशयाची नळी समजून क्लिप लावल्याने होते. ते टाळण्याची मान्य पद्धत अशी: कॅलोट त्रिकोणातली (पित्ताशयाची नळी, मुख्य नळी आणि यकृत यांमधली जागा) चरबी आणि तंतू पूर्ण साफ करायचे, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना, एक नळी आणि एक धमनी, स्पष्ट दिसल्याशिवाय काहीही कापायचं नाही. सूज किंवा चिकटलेपणामुळे हे दिसत नसेल तर थांबायचं: पोट उघडायचं, नाहीतर पित्ताशयाचा काही भाग आतच ठेवून बाहेर यायचं. नोटमध्ये हे टप्पे आहेत की 'त्रिकोण विच्छेदन केला, क्लिप लावून कापले' एवढीच छापील ओळ आहे, ते बघा. आधीच्या सोनोग्राफीत पित्ताशयाची भिंत जाड, आजूबाजूला पाणी असं असेल, तर ऑपरेशन अवघड जाणार हे आधी माहीत होतं.

दुसरी जागा, आणि तुमच्या फाईलचा खरा गाभा, म्हणजे तिसरा दिवस. या ऑपरेशननंतर रुग्ण साधारण एक-दोन दिवसांत घरी जातो. तिसऱ्या दिवशी पोट फुगणं, ताप आणि कावीळ एकत्र आली तर पित्तगळती किंवा नळी बंद झाल्याची शंका घ्यायलाच हवी. त्या दिवशी काय करायला हवं होतं ते साधं आहे: बिलिरुबिन, अल्कलाईन फॉस्फटेज, पांढऱ्या पेशी, पोटाची सोनोग्राफी, आणि पाणी दिसलं तर सीटी किंवा एमआरसीपी. यातलं काही शक्य नसेल तर मोठ्या केंद्रात पाठवायचं. 'गॅसेस' लिहून चौथ्या दिवशी घरी पाठवणं आणि पोटात पाच दिवस पित्त साठू देणं, याला ज्ञात गुंतागुंत म्हणता येत नाही.

नर्सिंग नोंदी ओळीने वाचा. डॉक्टरांच्या नोंदीत 'रुग्ण स्थिर' आणि त्याच सकाळी नर्सच्या तक्त्यात ताप १०१, नाडी ११२, 'पेशंट पोट दुखते म्हणतात, डॉक्टरांना कळवले, वेळ ६.४०' असं सापडतं. नर्स वेळ टाकून लिहिते, म्हणून ती नोंद मोलाची. ड्रेन ठेवला होता का, त्यात काय रंगाचं किती मिली आलं, तो कधी काढला, हेही तिथेच मिळेल.

हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट विसरू नका. काढलेल्या पित्ताशयासोबत मुख्य नळीचा तुकडा गेला असेल तर पॅथॉलॉजिस्टने कधीकधी ते लिहिलेलं असतं.

दुसऱ्या रुग्णालयाची ऑपरेशन नोट हा सगळ्यात भक्कम पुरावा. त्या सर्जनने क्लिप कुठे होत्या, नळी किती उंचीवर तुटली होती हे आत बघून लिहिलेलं असतं, तेही वाद सुरू व्हायच्या आधी. त्यांना साक्षीला या म्हणून गळ घालू नका, बहुतेक जण तयार होत नाहीत. नोटची खरी प्रत पुरते.

एक गोष्ट भरपाईसाठी. जोडलेल्या नळीचा सांधा पुढे काही वर्षांनी आकसू शकतो. मग थंडी वाजून ताप, कावीळ, मग सांधा फुग्याने रुंद करणं किंवा पुन्हा ऑपरेशन. म्हणून वर्षानुवर्षं लिव्हरच्या तपासण्या लागतात. हा पुढचा खर्च आत्ताच मागायला हवा, नंतर दुसरी तक्रार करता येणार नाही.

---

रोखठोक_कऱ्हाड

आधी पोलिसांत एफआयआर करा. डॉक्टर अडकला की रुग्णालय आपोआप तडजोडीला येतं.

---

ॲड_गोदाकाठ

रोखठोक, हा सल्ला या फाईलला घातक आहे. जेकब मॅथ्यू (२००५) निकालाने फौजदारी गुन्ह्यासाठी पट्टी फार वर ठेवली आहे: साधी चूक पुरत नाही, ढोबळ हलगर्जीपणा लागतो, आणि तोही आधी तटस्थ डॉक्टरचं, शक्यतो सरकारी सेवेतल्या, मत घेऊन. आपल्याकडे ते मत जिल्हा शल्यचिकित्सकांच्या किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडून येतं. समितीने 'ही ज्ञात गुंतागुंत आहे' असं एका ओळीत लिहिलं की तोच कागद रुग्णालय ग्राहक आयोगात पहिल्या पानावर लावतं.

रुग्ण दगावला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे शंका असेल तर अंत्यसंस्काराआधी पोलिसांना कळवून शवविच्छेदन करून घ्यावंच लागतं, नाहीतर मृत्यूचं कारण पुढे सिद्ध करणं फार कठीण जातं. आणि कितीही संताप आला तरी रुग्णालयात हात उगारू नये, मोडतोड करू नये. २०१० च्या राज्याच्या कायद्याखाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट वसुली आहे, आणि खऱ्या तक्रारदाराची बाजू तिथेच कमकुवत होते.

वर्षाताई, तक्रारीत प्रतिवादी दोनच ठेवा: रुग्णालय चालवणारा ट्रस्ट आणि सर्जन. भूलतज्ज्ञाचा दोष दिसत नसताना त्यांना ओढू नका. सर्जन 'व्हिजिटिंग' आहेत, आमचे नोकर नाहीत, असं ट्रस्ट म्हणेल. सविता गर्ग (२००४) निकालानंतर तो बचाव चालत नाही. रुग्ण रुग्णालयात येतो, जबाबदारी रुग्णालयाची.

तज्ज्ञाचं मत प्रत्येक प्रकरणात लागतंच असं नाही हे व्ही. किशन राव (२०१०) मध्ये म्हटलंय. तरी इथे मिळवा. त्याच शाखेतल्या, म्हणजे एमएस सर्जरी किंवा पोटाच्या सर्जनचं, शपथपत्रावर. ते मिळालं नाही तर कागद शासकीय महाविद्यालयाच्या मंडळाकडे पाठवा असा अर्ज आयोगाकडे करता येतो, पण मंडळाला विचारायचे प्रश्न तुम्ही लिहून द्या. 'हलगर्जीपणा झाला का?' हा प्रश्न पाठवलात तर उत्तर 'नाही' येतं. 'तिसऱ्या दिवशी ताप, पोटफुगी व कावीळ असताना कोणत्या तपासण्या अपेक्षित होत्या? त्यांपैकी कोणत्या केल्याचे कागदावर दिसते?' असं विचारा.

संमतीपत्र मराठीत होतं का, सही कधीची, त्यात पोट उघडावं लागण्याची आणि नळीला इजा होण्याची शक्यता लिहिली होती का, हा वेगळा मुद्दा म्हणून घ्या. कोरी छापील संमती पुरत नाही हे समीरा कोहली (२००८) निकालावरून मांडता येतं.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला लेखी उत्तरासाठी ३० दिवस, फार तर आणखी १५. ४६ व्या दिवशी आलेलं उत्तर घेता येत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये ठरवलंय. तारीख लिहून ठेवा आणि हरकत घ्या. मध्यस्थीचा आग्रह झाला तर लक्षात असू द्या: गंभीर इजा किंवा मृत्यूची वैद्यकीय हलगर्जीपणाची प्रकरणं २०२० च्या मध्यस्थी नियमांत वगळलेली आहेत.

---

बिलाची_फोड

विमा आधी, कारण तिथले पैसे लवकर सुटतात.

कपात ६९,३७५ म्हटलंत आणि विमा ५ लाखांचा, म्हणजे खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, दिवसाला ५,००० असणार. चार दिवस ८,००० ची खोली घेतली असेल तर आकडा असा जुळतो: खोलीचा फरक ३,००० गुणिले ४ म्हणजे १२,०००. त्यावरचा ५ टक्के जीएसटी ६००. खोलीचा फरक भाड्याच्या ३७.५ टक्के (८,००० पैकी ३,०००), कंपनी त्याच प्रमाणात बाकीचं बिलही कापते, तीच प्रमाणशीर कपात. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर मिळून ८०,००० असतील तर त्याचे ३७.५ टक्के, म्हणजे ३०,०००. उरले २६,७७५. हे औषधं, साहित्य आणि तपासण्यांच्या ७१,४०० वर तेच ३७.५ टक्के लावून कापलेले दिसतात. बिलाची बेरीजही बरोबर १ लाख ८५ हजार येते. तुमच्या फोडीशी ताडून बघा.

हे शेवटचे २६,७७५ कापता येत नाहीत. प्रमाणशीर कपात औषधं, वापराचं साहित्य, इम्प्लांट आणि तपासण्यांना लावू नये असं विमा नियामकाचं बंधन आहे. आयसीयूच्या भाड्यालाही नाही. आणि खोलीप्रमाणे दर बदलत नसलेल्या रुग्णालयात तर ही कपातच लागू होत नाही. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, महिनाभर वाट, मग विमा लोकपाल. पुणे आणि मुंबईत कार्यालय आहे, फी नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे चालतात, नकारापासून एक वर्षाच्या आत. तोच वाद ग्राहक आयोगात असेल तर लोकपाल हात लावत नाहीत, म्हणून विमा कंपनीला तिकडे प्रतिवादी करू नका.

आता बिल. औषधांचं बिल एका हातात आणि औषधांचा तक्ता दुसऱ्या हातात घ्या. उदाहरणार्थ पिपरासिलीन-टॅझोबॅक्टम हे प्रतिजैविक ४.५ ग्रॅम दर आठ तासांनी म्हणजे दिवसाला तीन व्हायल. पाच दिवसांच्या पंधरा. बिलात बावीस असतील तर सात व्हायल कुठे गेल्या, परत केल्याची पावती कुठे आहे, हे लेखी विचारा. हातमोजे, सिरिंज, मास्क यांची संख्या दिवसांनी भागा. 'इतर शुल्क' ही ओळ मान्य करू नका, फोड मागा.

महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्ण हक्क सनद दर्शनी भागात लावणं बंधनकारक आहे. बिल थकलं म्हणून मृतदेह अडवता येत नाही हेही त्यातच आहे. तक्रार महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे, बाहेर जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

तुमचं रुग्णालय धर्मादाय आहे, म्हणून एक प्रश्न आणखी: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न किती? १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन रुग्णांसाठी १० टक्के खाटा मोफत, ३ लाख ६० हजारांपर्यंत १० टक्के सवलतीत. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार. भरती असतानाच रुग्णालयाच्या समाजसेवकाकडे तहसीलदारांचा दाखला आणि शिधापत्रिका द्यायची असते. ते मागूनही दिलं नसेल तर धर्मादाय सहआयुक्तांकडे तक्रार. पुढच्या उपचारांसाठी महात्मा फुले योजनाही बघा, आता सगळ्या शिधापत्रिकाधारकांना कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. पूर्वमंजुरी उपचाराआधी लागते. नंतर पैसे परत मिळत नाहीत.

---

डॉ_वाडा

केस उभी राहते हे मान्य. पण अशा केसेसमुळेच उपचार महागलेत हेही कुणीतरी लिहायला हवं. छोट्या गावातला सर्जन आता साध्या पोटदुखीला सीटी सांगतो, अवघड पित्ताशय दिसलं की पुण्याला पाठवतो, नुकसानभरपाई विम्याचा हप्ता वाढतो. तो खर्च शेवटी रुग्णच भरतो.

---

शल्यक

डॉक्टर, धास्तीपोटी वाढलेल्या तपासण्या खऱ्या आहेत. पण महागाईचं मुख्य कारण ते नाही. खटल्यांचा देश म्हणून ज्याचं नाव घेतात त्या अमेरिकेतही २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजात हप्ते, भरपाया आणि धास्तीच्या तपासण्या मिळून ५५.६ अब्ज डॉलर, म्हणजे एकूण आरोग्यखर्चाच्या २.४ टक्के होते. आपल्याकडे खर्च कुठे वाढतो ते स्टेंटवर दिसलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये सरकारने औषधी लेप असलेल्या स्टेंटची कमाल किंमत २९,६०० केली, त्याआधी रुग्ण लाखाच्या वर मोजत होते. तो फरक कुठल्याही खटल्याचा नव्हता, साखळीतल्या नफ्याचा होता. कट प्रॅक्टिसचंही (रुग्ण पाठवण्याबद्दल डॉक्टरांना मिळणाऱ्या कमिशनचं) तसंच, त्याविरुद्ध २०१७ मध्ये मसुदा झाला, कायदा झाला नाही.

अवघड पित्ताशय पुण्याला पाठवणं हा बचाव नसून योग्य निर्णय आहे. या फाईलमध्ये तिसऱ्या दिवशी तेच झालं असतं तर पोटात पित्त साठायच्या आधी नळी घातली गेली असती.

---

वर्षा_सांगली

सर्वांचे आभार. अर्ज आज स्पीड पोस्टने पाठवला. विमा कपातीचा आकडा पैशापर्यंत जुळला. एकच शंका: मेडिकल कौन्सिलकडे हलगर्जीपणाची तक्रारही आत्ताच करायची का?

---

ॲड_गोदाकाठ

कागद न दिल्याची आत्ता, ७२ तास उलटल्यावर. हलगर्जीपणाची तक्रार तज्ज्ञाचं मत हातात आल्यावर. कौन्सिल ताकीद देऊ शकतं, नोंदणी निलंबित करू शकतं, भरपाई देऊ शकत नाही. आणि तिथे निकाल विरोधात गेला तर २०१९ च्या राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोग कायद्यात वरचं अपील फक्त डॉक्टरला आहे, रुग्णाला नाही. म्हणून अर्धवट कागदांवर तिथे जाऊ नका. मात्र कौन्सिलच्या निकालाची वाट बघत ग्राहक आयोगाची दोन वर्षं जाऊ देऊ नका. तक्रार दाखल झाल्यावर आणखी कागद अर्ज करून जोडता येतात.